जवारी मिरचीचं बी धरताना: सात हंगामांचा अनुभव

मे २०१८. वर्षाची चटणी करायची म्हणून शेतावरची मिरची कोल्हापूरला घरी आली होती. देठं खुडता खुडता आत्तींनी (सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो) मूठभर मिरच्या बाजूला काढून माझ्यापुढे ठेवल्या. आमची नेहमीची मिरची लांब, बारीक, सुरकुतलेली. या मात्र आखूड, गुळगुळीत सालीच्या होत्या आणि दोन तर पार दबक्या. "ही आपली न्हवं," त्या म्हणाल्या.

गडहिंग्लज तालुक्यात आमची थोडी माळाची जमीन आहे. लग्न होऊन आल्यापासून आत्तींनी तिथे जवारी (म्हणजे गावरान) मिरचीचं एकच बी धरलेलं, संकेश्वरी म्हणतात त्याच कुळीचं. मग शेजारच्या रानात संकरित मिरची आली, बांधावर कुणी उभ्या लवंगी मिरचीची झाडं लावली आणि चार-पाच वर्षांत आमच्यात भेसळ शिरली. तोवर आत्तींचे गुडघे थकले होते. "यंदापास्नं बी तू धर," एवढंच त्या बोलल्या.

मी शाळेत भूगोल शिकवते, शाहूपुरीत राहते. शेताचं काम भावजी आणि जाऊ बघतात. मी सुट्टीच्या दिवशी एसटीने जाणार, दोन गुंठे सांभाळणार, एवढंच शक्य होतं. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की या कामाला सात हंगाम लागतील, तर मी हातच घातला नसता. वाटेत कुठे काय चुकलं आणि कुठे किती थांबावं लागलं, ते आता वहीतून उतरवून ठेवते आहे. परसात किंवा गच्चीवर स्वतःचं बी धरू पाहणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पहिल्या हंगामात मी सगळे करतात तेच केलं. जुलैत दोन गुंठ्यांत दोन-दोन फुटांवर साडेपाचशे झाडं लावली. जानेवारी २०१९ मध्ये खळ्यावर वाळत घातलेल्या ढिगातून सर्वांत लांब, सर्वांत लाल मिरच्या वेचल्या, बी काढलं, डब्यात भरलं. आत्तींना अभिमानाने दाखवलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या झाडाची?" मला सांगता येईना. "अगं, ढिगातनं बी धरत्यात व्हय? झाड बघायला पायजे."

त्यांचं म्हणणं मला नीट कळायला आणखी दोन वर्षं गेली. एक सुंदर मिरची अशा झाडावरही येते, ज्याला बाकी दहाच मिरच्या लागल्या, जे बोकड्याने (पानं आकसवणाऱ्या रोगाने) अर्धं आकसलंय किंवा जे संक्रांतीनंतर लाल झालं. आणि बी जातं ते त्या सगळ्या झाडाचे गुण घेऊन.

२०१९ चं लिहिताना अजून पोटात कालवतं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमच्या गल्लीत पाणी शिरलं, तळमजल्यावरचं कपाट बुडालं आणि त्यात बियाण्याचा डबा होता. पेरून उरलेलं सगळं बी गेलं. त्या दिवसापासून बियाण्याचे तीन भाग करते: एक माझ्याकडे वरच्या मजल्यावर, एक शेतावरच्या घरात, एक जावेच्या माहेरी आजऱ्याकडे. या सगळ्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

शेतात पाणी दहा दिवस तुंबलं. खालच्या अंगाची झाडं पिवळी पडून बसली, पण त्यातच काही उभी राहिली. वरच्या बाजूला, शेणखताच्या उकिरड्याजवळ, झाडं कंबरेएवढी, लालभडक. मी ४० झाडं निवडून त्यांना लाल लोकर बांधली. त्यातली तीसेक तरी उकिरड्याजवळचीच होती. २०२० मध्ये त्यांची रोपं लावली तर ती सगळ्यांसारखीच निघाली. उंची गेली कुठे?

लॉकडाऊनमुळे तरू (लावणीची रोपं) भावजींनीच टाकला होता. मी घरात अडकले होते, त्यामुळे वाचायला वेळ मिळाला. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या शेजारच्या सरांनी फोनवर अर्धा तास समजावलं. झाड चांगलं दिसण्यामागे दोन कारणं असतात, त्याचं रक्त आणि त्याची जागा. जागेचा गुण बियात उतरत नाही. डेन्मार्कच्या योहान्सेनने १९०३ मध्ये घेवड्यावर हेच दाखवलं: एकाच शुद्ध वंशातल्या, म्हणजे एकाच झाडापासून वाढवलेल्या, मोठ्या आणि बारीक बिया वेगवेगळ्या पेरल्या, तरी पुढच्या पिढीत दोन्हींच्या बियांचा सरासरी आकार सारखाच आला. मी उकिरडा निवडला होता, झाडं नव्हे.

यावर सरांनी साधा उपाय सांगितला. रानाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातलं उत्तम झाड घ्यायचं. म्हणजे खताजवळचं झाड खताजवळच्या झाडांशीच ताडलं जातं, पाणथळीतलं पाणथळीतल्यांशी. अमेरिकेत गार्डनरने १९६१ मध्ये मक्यासाठी ही पद्धत मांडली. मी सुतळी आणि बांबूच्या काटक्यांनी २० चौकटी पाडल्या, प्रत्येकीतून दोन झाडं निवडली. निवड एका फेरीत केली नाही. सप्टेंबरात फांद्या आणि बोकड्या बघितला, नोव्हेंबरात पहिली लाली कधी आली ते टिपलं, डिसेंबरात मिरच्या मोजल्या, जानेवारीत वाळल्यावर रंग टिकतो का ते पाहिलं. दर फेरीला काही झाडांची लोकर सोडली. सप्टेंबरात ११० झाडांना लोकर होती, शेवटी ४० उरली.

लेबलांचं सांगते, कारण त्यात माझं एक वर्ष वाया जाता जाता वाचलं. पेनाची शाई पावसात धुऊन जाते, मार्करची उन्हात उडते. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने आकडा कोरायचा आणि तारेने सैल बांधायचा. खर्च शून्य.

जानेवारी २०२१ मध्ये मी पहिल्यांदा झाडागणिक वेगळं बी काढलं. ४० पाकिटं, आकड्यांनिशी. हाताला खोबरेल लावल्याशिवाय या कामाला बसू नका. आग दोन दिवस जात नाही. मिरचीचं बी टोमॅटोसारखं आंबवावं लागत नाही. पूर्ण लाल झालेली मिरची झाडावरच थोडी सुकू द्यायची, मग चिरून बी खरवडायचं आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. पत्र्यावर भर उन्हात टाकलं तर बी भाजतं. एका मिरचीत पन्नासेक बिया निघतात, त्यामुळे झाडामागे चार-पाच मिरच्या पुरतात. बाकीच्या चटणीला.

इथून पुढचं काम म्हणजे झाडाची परीक्षा त्याच्या पोरांवरून घ्यायची. फ्रान्समध्ये लुई द विल्मोरँ यांनी १८५० च्या दशकात साखरबिटावर हेच केलं. प्रत्येक निवडक कंदाचं बी वेगळं पेरून कुणाची संतती गोड निघते ते पाहिलं. मी ४० पाकिटांतली २४ निवडली आणि प्रत्येकाची एक सरी, सरीत २० झाडं, अशी ४८० रोपं २०२१ च्या जुलैत लावली. लावण होऊन दोनच आठवडे झाले होते आणि पुन्हा पूर आला. शाहूपुरीत पुन्हा पाणी, पण बी वरच्या मजल्यावर होतं. शेतात दोन सऱ्या गेल्या, बावीस राहिल्या.

ते बावीस सरींचं रान मी आयुष्यभर विसरणार नाही. २०२० मध्ये एकाहून एक दिसणारी झाडं, आणि आता त्यांची पोरं शेजारी शेजारी उभी. काही सऱ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. नऊ सऱ्यांत मात्र तऱ्हा. १७ नंबरच्या सरीत वीस झाडांपैकी सहांना मिरच्या आभाळाकडे तोंड करून लागल्या होत्या! तिची आई तर चांगली लोंबत्या मिरचीची होती. सरांनी फोनवरच उलगडा केला. लोंबतेपण प्रभावी, उभेपण अप्रभावी. आईने बांधावरच्या लवंगीचा अंश पोटात घेतला होता, पण वरून दिसत नव्हता. पुढच्या पिढीत तो साधारण चारात एक या हिशोबाने बाहेर आला. वहीतला मेंडेल मी पहिल्यांदा आपल्या मातीत पाहिला आणि तिथेच बांधावर बसून राहिले.

दिसायला सर्वांत देखणी आई ३१ नंबरची होती. तिची सरी निम्मी दबक्या मिरच्यांची निघाली. तिला सोडताना जीवावर आलं. वहीत त्या पानावर मी काहीच लिहिलेलं नाही, फक्त आडवी रेघ आहे.

बावीसमधल्या पाच सऱ्या ठेवल्या: ४, ९, १२, २२ आणि ३६.

आता प्रश्न परागीकरणाचा. मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, स्वतःचं स्वतःला फळ धरतं. पण मधमाश्या, मुंग्या यांमुळे परकं परागही येतं आणि किती येईल ते जागेवर ठरतं. प्रमाणित बियाण्याच्या नियमांत मिरचीला दुसऱ्या वाणापासून २०० मीटर विलगीकरण अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून प्रमाणित बी वाढवतात) ४००. आमचं शेजारचं रान ४० मीटरवर. गुंठेवारीच्या आमच्या भागात हे अंतर कुणाला मिळणार?

२०२२ मध्ये दोन गोष्टी केल्या. एक, महाद्वार रोडवरून लग्नात भेटवस्तू द्यायला वापरतात त्या पातळ जाळीच्या पिशव्या आणल्या, १०० पिशव्या ४५० रुपयांना. कळ्या असलेली फांदी घ्यायची, उमललेली फुलं आणि धरलेली फळं खुडून टाकायची, मग पिशवी चढवून तोंड दोरीने बांधायचं. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली की फळधारणा बरी होते. हे काम जावेने केलं. फळ हरभऱ्याएवढं झालं की पिशवी काढून त्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. पिशवी पावसात तशीच ठेवली तर आत बुरशी येते. माझ्या पहिल्या ३० पिशव्यांतल्या ११ अशाच गेल्या. सप्टेंबरची झड ओसरल्यावर बांधलेल्या जवळपास सगळ्या लागल्या.

दुसरी गोष्ट भावजींनी सुचवली आणि ती पिशव्यांपेक्षा मोलाची ठरली. शेजाऱ्यांना आम्ही आमचाच तरू फुकट दिला. पहिल्या वर्षी ते साशंक होते, त्यांनी चारच सऱ्या लावल्या. पण दोन्ही बाजूंना एकच वाण असेल तर वाऱ्याची, माशीची भीतीच निम्मी होते. बांधावरच्या लवंगीला त्यांनी हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच आहे. तीही कुणाचं तरी बी आहे.

स्वतःच्या परागावर धरलेल्या प्रत्येक पिढीत मिश्रपणा निम्म्याने घटतो. ५० टक्के असेल तर २५, मग साडेबारा, मग सव्वासहा. म्हणून घाई करता येत नाही, आणि म्हणूनच पाच-सहा पिढ्यांनंतर झाडं एकसारखी दिसायला लागतात.

परसबागेत दुसरं काही धरणाऱ्यांसाठी थोडक्यात: पावटा, घेवडा, टोमॅटो ही बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळं धरतात, तिथे ही सगळी यातायात नको, चार पावलांचं अंतर आणि भेसळ झाडं उपटणं पुरतं. दुधी, दोडका, काकडी यांची नर-मादी फुलं वेगळी. उद्या उमलणारी मादी कळी आणि नर कळी, दोन्ही आदल्या दिवशी दोऱ्याने बांधून ठेवायच्या आणि उमलण्याच्या वेळी हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा बांधायचं. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, काकडी सकाळी. ही वेळ चुकली की सगळं चुकलं. अशा परपरागी पिकांत एकाच वेलाचं बी धरलं तर पुढे वेल दुबळे होऊ शकतात, म्हणून जमेल तितक्या जास्त वेलांचं बी एकत्र करावं.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझ्यासारखीला याचा किती आधार झाला ते सांगायला हवं. त्याआधी या सगळ्या उद्योगात सर्वांत मोठा खर्च प्रवासाचाच होता.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या पाच सऱ्यांतून पुढे आलेल्या पाच ओळींना आम्ही मुद्दामच जादा पाणी दिलं नाही. १२ नंबर पंधरा दिवसांत माना टाकून बसली. रंगाला तीच सर्वांत चांगली होती, पण माळाच्या मिरचीने पाण्यासाठी हात पसरून चालत नाही. ३६ नंबरला बोकड्या जास्त आला. ४, ९ आणि २२ राहिल्या. तिन्ही दिसायला बहिणी.

इथे सरांचं आणि माझं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, एकच ओळ ठेव, वाण स्वच्छ होईल. मी तिन्ही मिसळल्या. आत्तींचं बी कधीच एका झाडाचं नव्हतं. २०१९ सारखं पाणी आणि २०२३ सारखा कोरडा महिना, दोन्ही आमच्याच रानात चार वर्षांच्या आत आले. एका ओळीला जे सोसणार नाही ते दुसरीला सोसेल, असं मला वाटतं. सरांनी ते ऐकून घेतलं.

२०२४ मध्ये मिसळलेल्या बियाची एका गुंठ्यात २८० झाडं. फुलं यायच्या आधी ७ भेसळ झाडं उपटली, फळं दिसल्यावर आणखी २. उगवण तपासली: ओल्या कापडात २५-२५ बियांच्या चार गुंडाळ्या, चौदाव्या दिवशी मोजणी, शंभरातल्या ८४ उगवल्या. बियाणे नियमांत मिरचीला किमान ६० टक्के लागते.

मग भाचीने विचारलं, नोंदणी का करत नाही? २००१ च्या कायद्यानुसार पारंपरिक वाणाची नोंद शेतकऱ्याच्या नावावर होते. नवी दिल्लीत त्यासाठी पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरण आहे. शेतकऱ्याला फी नाही. नोंद झालेल्या दुसऱ्या कुणाच्या वाणाचंही बी शेतकऱ्याला धरता, पेरता, वाटता आणि विकता येतं. ब्रँडचं नाव छापून मात्र विकता येत नाही. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि त्या भीतीने लोक बीच धरत नाहीत.

अर्जदार म्हणून आत्तींचं नाव घातलं. नावाच्या रकान्यातच पहिली अडचण आली. आमच्या मनात तालुक्याचं नाव होतं, पण वाणाच्या नावात गावा-प्रदेशाचं नाव सहसा चालत नाही, नुसते आकडेही चालत नाहीत. शेवटी आत्तींनीच "माळतांबडी" म्हटलं. वेगळेपणाचे गुण लिहायचा तक्ता मोठा आहे: पानाचा आकार, फळाची दिशा, लांबी, साल, देठाची बाजू. माझ्या सात वर्षांच्या वह्या तेव्हा कामाला आल्या. पहिल्या दिवसापासून पट्टी लावून फोटो काढत गेला असाल तर हा तक्ता एका रविवारी भरून होतो. मला तीन रविवार लागले, कारण २०२१ पर्यंतच्या माझ्या फोटोंत पट्टीच नाही.

अर्जावर शिफारस लागते. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास कार्यालय, यांपैकी एकाची. एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा "हा अर्ज आमच्याकडे नसतो", तिसऱ्यांदा त्यांच्याच भिंतीवरचं माहितीपत्रक दाखवल्यावर कागद ठेवून घेतला आणि महिनाभर हललाच नाही. मला रडू आलं होतं. मग दुसऱ्या मार्गाने गेलो आणि तिथे आठ दिवसांत सही-शिक्का मिळाला. एक दार बंद वाटलं तर उरलेली तीन आहेत, हे आधी माहीत असतं तर तो महिना वाचला असता. सातबारा, आधार आणि शिफारस यांच्या दोन-दोन प्रती जास्त ठेवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. पाच आठवड्यांनी पोच आली. पुढे ते बी मागवतील, चाचणीची लागवड होईल आणि मग निर्णय. शेतकऱ्याच्या वाणाला एकसारखेपणाच्या निकषात सूट असते. भेसळ झाडांची मर्यादा दुप्पट धरतात. तीन ओळी मिसळल्याची माझी धाकधूक त्यामुळे थोडी कमी झाली.

सात हंगामांत पिशव्या, तारा, काचेच्या बरण्या, ओल शोषणाऱ्या पुड्या, झेरॉक्स आणि पोस्ट मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. प्रवास वेगळा.

यंदाची मिरची काढताना गुंठ्याचे चार पट्टे करून चार पोती वेगळी ठेवली होती. एप्रिलमध्ये चटणीसाठी देठं खुडायला बसलो. आत्तींची नजर आता कमी झाली आहे, त्या बोटांनी साल चाचपतात. शेवटी त्यांनी तीन मिरच्या माझ्यापुढे ठेवल्या. "अजून हायत," म्हणाल्या. तिन्ही तिसऱ्या पट्ट्याच्या पोत्यातल्या होत्या. त्या पट्ट्याचं बी मी बाजूला काढलं. २५ मे रोजी बाकीच्या तीन पट्ट्यांचा तरू टाकला आहे. शेजाऱ्यांनी यंदा ४०० रोपं मागितली आहेत.